टॉक्सिन बाइंडर म्हणून झिओलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुखाद्यातल्या बुरशीविषांवर उपाय म्हणून नैसर्गिक झिओलाइट वापरणारे, वापरू पाहणारे आणि वापरून वैतागलेले असे तिन्ही प्रकारचे वाचक आम्हाला लिहितात. त्यांचे पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे गुंतागुंतीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, त्यामुळे जिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय तिथे तो जरूर वाचा.

१. झिओलाइट टाकलं की खाद्यातली बुरशी मरते का?

नाही. बुरशी वेगळी आणि तिने सोडलेलं विष वेगळं. बुरशीची वाढ रोखायला प्रोपिऑनिक आम्ल आणि त्याचे क्षार वापरतात. पण विष एकदा तयार झालं की बुरशी मेली तरी ते दाण्यात तसंच राहतं. बाइंडरचं, म्हणजे विष धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं, काम सुरू होतं ते जनावराच्या पोटात गेल्यावर. तिथल्या पाण्यात विषाचे रेणू सुटे होतात, बाइंडर त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरतो आणि आतड्यातून रक्तात जाण्याआधी शेणावाटे बाहेर नेतो. विष नष्ट होत नाही, फक्त त्याची वाट बदलते. कोरड्या खाद्याच्या पोत्यात बाइंडर जवळपास स्वस्थ पडून असतो.

२. हा तर दगडाचा भुगा. तो विष धरतो कसा?

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा असलेलं खनिज. या जाळीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसलेलं असतं. त्यामुळे सांगाड्यावर ऋण भार येतो आणि तो भार भागवायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन आत-बाहेर चिकटून राहतात. हे आयन पक्के बांधलेले नसतात, त्यांची अदलाबदल होऊ शकते. जाळीतल्या पोकळ्यांत पाणीही असतं. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असं खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ उसळलेली पाहिली, आणि तिथून या खनिजगटाचा अभ्यास सुरू झाला.

खाद्यात वापरलं जातं ते प्रामुख्याने क्लिनोप्टिलोलाइट. ज्वालामुखीची राख पाण्याखाली साचून, लाखो वर्षांत बदलून त्याचे जाड थर बनतात. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे सुंदर पारदर्शक स्फटिकही झिओलाइटच, पण ते संग्राहकांसाठी. खाद्याशी त्यांचा संबंध नाही.

आता खरी मेख. क्लिनोप्टिलोलाइटमधली सगळ्यात रुंद वाट सुमारे ०.३१ गुणिले ०.७५ नॅनोमीटर असते. अमोनियमचा आयन तिच्यातून सहज आत जातो, पण अफ्लाटॉक्सिन या बुरशीविषाचा रेणू तिथे शिरण्याइतका बारीक नसतो. म्हणजे "झिओलाइटच्या सूक्ष्म छिद्रांत विष अडकून पडतं" हे जाहिरातीतलं चित्र अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत चुकीचं आहे. अफ्लाटॉक्सिन कणांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, तिथल्या कॅल्शियमसारख्या आयनांपाशी, आपल्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या जोडीने चिकटतं. म्हणूनच माल किती बारीक दळलाय याला महत्त्व आहे. बारीक दळला तर बाहेरचा पृष्ठभाग वाढतो.

३. सगळी बुरशीविषं धरली जातात का?

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. नाही, आणि जो विक्रेता "सगळी" म्हणतो त्याच्याकडून पुढचं काही ऐकायची गरज नाही.

अफ्लाटॉक्सिन चांगलं धरलं जातं. त्याचा रेणू सपाट आहे आणि त्यावर आयनाला धरता येईल अशी जागा आहे. झिअरालेनोन आणि ऑक्राटॉक्सिन साध्या झिओलाइटला नीट चिकटत नाहीत. त्यांना पाण्यापेक्षा तेलकट पृष्ठभाग जवळचा वाटतो, आणि झिओलाइटचा पृष्ठभाग पाण्याकडे ओढ असलेला असतो. फ्युमोनिसिनच्या बाबतीत निकाल परिस्थितीनुसार बदलतात, त्यावर भिस्त ठेवू नये. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे डॉन, आणि टी-२ ही विषं तर जवळजवळ हातालाच लागत नाहीत.

व्यवहारात याचा अर्थ असा: कोंबड्यांच्या खाद्यात भुईमुगाची किंवा सरकीची पेंड आहे आणि तपासणीत अफ्लाटॉक्सिन आलंय, तर झिओलाइटचा विचार करा. डुकरं खाणं सोडतायत आणि गव्हात किंवा मक्यात डॉन निघालंय, तर झिओलाइटवर पैसे घालू नका. डॉन किलोमागे १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की डुकरांचं खाणं घटायला लागतं. तिथे दूषित धान्य कमी करणं किंवा त्या विषाचा रेणूच मोडणारी जिवाणूजन्य उत्पादनं वापरणं हेच मार्ग आहेत. कालवडींची किंवा डुकरांच्या माद्यांची योनी सुजलेली दिसली, माज अवेळी आला, तर संशय झिअरालेनोनवर घ्यावा. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. झिओलाइट, बेंटोनाइट आणि एचएससीएएस हे एकच ना?

पोत्यावर तिघांचीही नावं "अॅल्युमिनोसिलिकेट" अशी लिहिता येतात, घोळ तिथूनच होतो.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज स्मेक्टाइट, म्हणजे पापुद्र्यांची माती. पाण्यात तिचे पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात आणि अफ्लाटॉक्सिन त्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतं. झिओलाइटचा सांगाडा तिन्ही दिशांनी बांधलेला असल्याने तो फुगत नाही आणि आतली जागा अफ्लाटॉक्सिनला मिळत नाही. म्हणून निव्वळ अफ्लाटॉक्सिनसाठी, तितक्याच वजनाला, चांगलं बेंटोनाइट सहसा सरस ठरतं. झिओलाइटची बाजू वेगळी आहे: ते फुगत नाही, खाद्य मोकळं ठेवतं आणि अमोनियम धरण्यात बेंटोनाइटपेक्षा निवडक आहे (प्रश्न १३).

एचएससीएएस म्हणजे हायड्रेटेड सोडियम कॅल्शियम अॅल्युमिनोसिलिकेट. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात टिमोथी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ज्यावर काम केलं आणि ज्यामुळे हा सगळा विषय गाजला, तो पदार्थ मुळात कॅल्शियम मॉन्टमोरिलोनाइट आहे, म्हणजे स्मेक्टाइट. त्याचे निकाल झिओलाइटच्या पत्रकात छापलेले दिसतात. दुसऱ्याच्या गुणपत्रिकेवर नोकरी मागण्यातला हा प्रकार आहे.

५. "सुधारित" किंवा "ऑरगॅनो" झिओलाइट म्हणजे काय? ते जास्त चांगलं का?

झिओलाइटच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लांब शेपटीचे सेंद्रिय अमोनियम रेणू बसवले की तो भाग तेलकट होतो आणि झिअरालेनोन, ऑक्राटॉक्सिन त्याला चिकटू लागतात. सर्बियातल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलं आहे. प्रयोगशाळेत फरक ठळक दिसतो. पण बसवलेले रेणू पोटात सुटून येतात का, ते जनावराला आणि दुधा-मांसाला सुरक्षित आहेत का, हे उत्पादकाने दाखवायला हवं. शिवाय साध्या झिओलाइटची परवानगी या मालाला आपोआप लागू होत नाही.

६. किती टाकायचं?

साधारण वापर टनाला ५ ते १० किलो, म्हणजे ०.५ ते १ टक्का. युरोपीय संघात गाळाच्या थरांतल्या क्लिनोप्टिलोलाइटला सर्व प्राण्यांसाठी परवानगी आहे आणि कमाल मर्यादा संपूर्ण आहाराच्या किलोला १०,००० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्काच आहे. "संपूर्ण आहार" हे शब्द नीट वाचा. कोंबडीच्या बाबतीत पोत्यातलं खाद्य हाच संपूर्ण आहार. गाईच्या बाबतीत मात्र वैरण, मुरघास आणि आंबोण मिळून आहार होतो, त्यामुळे टक्केवारी कशावर काढली ते आधी ठरवावं.

७. खाद्य फारच खराब आहे. मात्रा दुप्पट केली तर?

दोन टक्के म्हणजे टनामागे २० किलो दगड, ज्यातून ऊर्जाही नाही आणि प्रथिनंही नाहीत. अंडी आणि वजन यांवर त्याचा परिणाम दिसू शकतो. मात्रा वाढवून विष त्याच प्रमाणात कमी होईल असंही नाही. आमचं स्पष्ट मत असं की बाइंडर हा विषाच्या मर्यादेच्या आसपास असलेल्या खाद्यासाठी विमा आहे. मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेलं खाद्य त्याने वाचत नाही. असं धान्य जनावरापुढे ठेवूच नये. चांगल्या मालात मिसळून ते पातळ करण्यालाही युरोपीय संघात कायद्याने बंदी आहे.

आणि जनावर आधीच आजारी असेल तर? अफ्लाटॉक्सिन आतड्यातून झपाट्याने शोषलं जातं आणि यकृतावर घाव घालतं. रक्तात गेलेलं विष बाइंडर परत ओढून आणत नाही. आधी खाद्य बदला, पशुवैद्याला बोलवा.

८. मिसळताना गुठळ्या राहतात. नीट कसं मिसळावं?

टनभर खाद्यात ५ किलो भुकटी एकदम ओतली तर ती एका कोपऱ्यात बसते. आधी त्या ५ किलोत साधारण तेवढाच भरडलेला मका किंवा कोंडा मिसळा. झालेल्या १० किलोत आणखी १०-१५ किलो घाला आणि पुन्हा हलवा. असं २०-२५ किलोचं मिश्रण झालं की ते चालू मिक्सरमध्ये हळूहळू सोडा. तेल किंवा मळी याच्यानंतर घाला. आधी घातली तर भुकटी ओल्या कणांना चिकटून गोळे होतात. हे करताना नाका-तोंडावर धुळीचा मास्क लावा, कारण प्रश्न १६.

९. बुरशी दिसतच नाही. तरी विष असू शकतं? आणि दिसली तर वरचा थर काढून टाकला की झालं?

दोन्ही बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका. विष रंगहीन असतं आणि बुरशीचे धागे झडून गेले तरी मागे राहतं. उलट, हिरवीगार बुरशी दिसूनही विष नसेल असंही होतं. अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं. थोड्याच दाण्यांत ते भरमसाट असतं आणि शेजारचे दाणे स्वच्छ. म्हणूनच एका मुठीचा नमुना फसवतो. पोत्यांच्या वेगवेगळ्या जागांतून, वरून-मधून-खालून, पुष्कळ छोटे नमुने घ्यावेत, एकत्र करावेत, सगळं बारीक दळावं आणि त्यातला भाग प्रयोगशाळेत पाठवावा.

मूळ उपाय साठवणीतच आहे. मक्याचा ओलावा साधारण १३ टक्क्यांच्या आत आणि भुईमुगाचा ७-८ टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीला वाव मिळत नाही.

१०. गोळी पेंड बनवताना वाफ देतात. उष्णतेने विष जात नाही का?

गोळी बनवताना तापमान ७० ते ९० अंशांच्या आसपास असतं. अफ्लाटॉक्सिनचं विघटन व्हायला २३० अंशांच्याही वर जावं लागतं. बुरशी मरेल, विष राहील.

११. दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ निघालं. झिओलाइटने ते शून्य होईल का?

शून्य होणार नाही, कमी होऊ शकतं. गाईने खाद्यातून खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ पैकी साधारण १ ते ६ टक्के भाग एम१ होऊन दुधात उतरतो. जास्त दुधाच्या गाईंत हे प्रमाण वरच्या बाजूला असतं.

हिशेब करून बघा. गाय रोज ५ किलो आंबोण खाते, त्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम बी१ आहे आणि वैरण स्वच्छ आहे. पोटात गेलं १०० मायक्रोग्रॅम. त्यातलं २ टक्के धरलं तर २ मायक्रोग्रॅम दुधात येतं. गाय १० लिटर देत असेल तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तिच्यात हे दूध बसतं. युरोपीय संघाची ०.०५ आहे, तिच्या ते चौपट आहे. म्हणूनच तिथे दुभत्या जनावरांच्या मिश्र खाद्यात बी१ची मर्यादा किलोला फक्त ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

बाइंडरने किती फरक पडतो? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एचएससीएएस दिल्यावर दुधातलं एम१ एका मात्रेला २४ टक्के आणि दुसरीला ४४ टक्के घटलं. लक्षात घ्या, हा प्रश्न ४ मधला स्मेक्टाइटचा पदार्थ, आणि तरीही निम्म्याहून जास्त एम१ दुधात राहिलंच. झिओलाइटकडून यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवायला आधार नाही.

दिलासा एवढाच की दूषित खाद्य पूर्ण थांबवलं तर दुधातलं एम१ तीन-चार दिवसांत झपाट्याने खाली येतं. एम१ निघाल्यावर पहिलं पाऊल खाद्य बदलण्याचं, बाइंडर नंतर.

१२. बाइंडर मिसळल्यावर खाद्य तपासलं, आकडा तेवढाच आला. फसवणूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. प्रयोगशाळेत विष काढायला मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइलसारखी द्रावणं वापरतात आणि ती बाइंडरला चिकटलेलं विषही बऱ्याच अंशी सोडवून घेतात. शिवाय कोरड्या खाद्यात ते चिकटलेलं नसतंच (प्रश्न १). याची उलटी बाजूही आहे: काही पद्धतींत बाइंडर थोडं विष धरून ठेवतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून नमुना नेहमी बाइंडर टाकण्यापूर्वीचा पाठवा. बाइंडर काम करतोय का हे खाद्याच्या अहवालात कळत नाही. दुभत्या जनावरात ते दुधातल्या एम१वरून कळतं.

१३. झिओलाइट सुरू केल्यावर शेडमधला अमोनियाचा वास कमी झाला. म्हणजे विषही बांधलं जातंय ना?

हा निष्कर्ष फार मोहक आहे, पण चुकीचा. अमोनियमचा आयन छिद्रांच्या आत जातो आणि क्लिनोप्टिलोलाइटला तो सोडियम-कॅल्शियमपेक्षा जास्त आवडतो. अफ्लाटॉक्सिन बाहेरच्या पृष्ठभागावर बसतं (प्रश्न २). दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी कामं. वास कमी होणं हा फायदा खराच आहे, पण त्यावरून विषाबद्दल काहीच सांगता येत नाही. याच कारणाने पत्रकावरची "कॅटायन एक्स्चेंज क्षमता", म्हणजे धन आयनांची अदलाबदल करण्याची क्षमता, कितीही मोठी असली तरी ती विष धरण्याचं माप होत नाही.

१४. पत्रकावर "९८ टक्के बंधन" लिहिलंय. विश्वास ठेवावा का?

आधी तीन गोष्टी विचारा. कुठलं विष? नुसतं "मायकोटॉक्सिन" लिहिलं असेल तर तो आकडा बहुधा अफ्लाटॉक्सिनचाच असतो. किती विषाला किती बाइंडर वापरला? चिमूटभर विषात वाटीभर भुकटी घातली तर कुठलीही माती ९० च्या वर जाते. आणि चाचणी कशात केली, साध्या पाण्यात की जठर व आतड्यासारख्या सामूच्या द्रावणात? आम्लात चिकटलेलं विष पुढे आतड्यात सुटत नाही ना, हे पाहणं गरजेचं आहे. या तिन्हींच्या वर जनावरांवरचा प्रयोग. तो असेल तर तो मागा.

१५. माल खरा आहे का, हे घरी कसं ओळखावं?

पक्कं उत्तर क्ष-किरण विवर्तन चाचणीच देते, कारण ती खनिज ओळखते. नुसतं रासायनिक पृथक्करण पुरत नाही, सिलिका आणि अॅल्युमिना साध्या मातीतही असतात. पण ढोबळ भेसळ दोन ग्लासांत कळते. पहिल्यात चमचाभर भुकटीवर व्हिनेगर ओता. जोरात फेस आला तर चुनखडी मिसळलेली आहे. दुसऱ्यात पाण्यावर भुकटी भुरभुरवा आणि काही तास ठेवा. झिओलाइट तळाशी रवाळ बसतं, बोटांना खरखरीत लागतं. फुगून बुळबुळीत लगदा झाला तर ते बेंटोनाइट. तो माल वाईट असेलच असं नाही, पण तुम्ही मागितलेला तो नव्हे.

खाणीतला माल असल्याने शिसं, आर्सेनिक आणि डायॉक्सिन या विषारी रसायनांचा अहवाल मागावा. १९९७ साली अमेरिकेत सोयाबीन पेंडीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या बॉल क्ले या मातीतून डायॉक्सिन कोंबड्यांत आणि मत्स्यशेतीतल्या कॅटफिशमध्ये पोचलं होतं. ती माती झिओलाइट नव्हती. पण "नैसर्गिक" म्हणजे स्वच्छ असं नसतं, हे तेव्हापासून सगळ्या खाद्य उद्योगाला माहीत आहे.

१६. झिओलाइटने कर्करोग होतो असं वाचलं. खरं का?

ते एरिओनाइट नावाच्या, तंतूंच्या रूपातल्या झिओलाइटबद्दल आहे. तुर्कस्तानातल्या कॅपाडोकिया भागातल्या काही गावांत त्याचे तंतू श्वासावाटे जाऊन मेसोथेलिओमाचं, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचं, प्रमाण भयंकर वाढलं होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक, ठेवलं आहे. क्लिनोप्टिलोलाइट तिसऱ्या गटात आहे, म्हणजे पुराव्यावरून वर्गीकरण करता येत नाही असा गट. युरोपीय संघाच्या अटीत खाद्याचं क्लिनोप्टिलोलाइट किमान ८० टक्के शुद्ध आणि तंतू व क्वार्ट्झपासून मुक्त असावं असं आहे. तोच निकष खरेदीत धरा. जनावरापेक्षा इथे जपायचंय ते मिसळणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांना.

१७. परवाना असलेला माल आहे, मग बुरशीविषावरचा दावा मान्यच झाला ना?

नाही. युरोपीय संघातली २०१३ची क्लिनोप्टिलोलाइटची परवानगी गोळी घट्ट बांधण्यासाठी आणि गुठळ्या टाळण्यासाठी आहे. तिथल्या "बाइंडर" शब्दाचा अर्थ गोळी बांधणारा. अफ्लाटॉक्सिन बी१ कमी करण्यासाठीची वेगळी परवानगी त्याच वर्षी बेंटोनाइटला मिळाली, तीही रवंथ करणारे प्राणी, कोंबड्या व डुकरं यांच्यापुरती. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, कुठल्याही बाइंडरला बुरशीविषाच्या दाव्यासाठी मान्यता दिलेली नाही.

१८. खाद्याच्या अहवालात वाळू-सिलिका वाढलेली आली. खरेदीदार माल परत करतोय.

क्लिनोप्टिलोलाइट आम्लात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते आम्लात न विरघळणाऱ्या राखेत मोजलं जातं. १ टक्का घातलं तर तो आकडा जवळपास तेवढ्याने, थोडा कमीच, वाढणार. लेबलवर घटक म्हणून नोंद करा आणि खाद्यसूत्र ठरवतानाच ही जागा धरा. वाढ घातलेल्या मात्रेपेक्षा जास्त असेल तर मात्र कच्च्या मालात माती आहे.

१९. औषधं आणि जीवनसत्त्वं पण बांधली जातात का?

जे पृष्ठभाग विष धरतात ते इतर रेणूंनाही धरू शकतात. बेंटोनाइटच्या युरोपीय परवान्यात मॅक्रोलाइड गटाची प्रतिजैविकं तोंडावाटे त्याच वेळी देऊ नयेत असा स्पष्ट इशारा आहे, आणि कोंबड्यांत रोबेनिडिन या कॉक्सिडिओसिसवरच्या औषधाबरोबर वापर टाळायला सांगितलंय. झिओलाइटसाठीही तीच काळजी घ्यावी: खाद्यातून औषधाचा कोर्स चालू असेल तोवर बाइंडर बंद. जीवनसत्त्वांची भीती शिफारशीच्या मात्रेत एवढी मोठी नाही.

२०. व्यायच्या आधी गाईला झिओलाइट देऊन दुधाचा ताप टळतो म्हणतात. मग माझ्याकडचं टॉक्सिन बाइंडर देऊ का?

ते वेगळं झिओलाइट. दुधाच्या तापासाठी कृत्रिम झिओलाइट-ए वापरतात, भाकड काळाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, दिवसाला सुमारे अर्धा किलो. ते आहारातलं कॅल्शियम आणि स्फुरद अडवतं, त्यामुळे गाईचं शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला आधीच सरावतं. व्याल्याबरोबर ते बंद करायचं असतं. क्लिनोप्टिलोलाइट टनाला ५-१० किलो दिल्याने हे घडत नाही, आणि अर्धा किलो दिलं तर बहुतेक गाईंत प्रश्न ६ मधली मर्यादा ओलांडली जाते. दोन्हींची पोती शेजारी ठेवत असाल तर त्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहा.

२१. उघडं पडलेलं पोतं वर्षभराने वापरलं तर चालेल?

खनिज शिळं होत नाही, पण हवेतला ओलावा आणि अमोनिया पितं. गोठ्यात किंवा युरियाजवळ उघडं राहिलेलं पोतं खाद्यात घालू नका, ते शेडमध्ये जमिनीवर पसरा. कोरड्या जागी तोंड बांधून ठेवलेलं असेल आणि गुठळ्या नसतील तर वापरा.